परका टाका

१

सोमवार उजाडला की मास्तरीणबाईंच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. खुर्चीवर डगले, मशीनवर डगले, दाराच्या कडीला अडकवलेले डगले. सगळ्यांना मातीचा, गवताचा आणि बंदुकीच्या दारूचा वास. रविवारची फौज लढून दमून घरी जायची आणि तिचे कपडे सोमवारी बाईंकडे भरती व्हायचे.

शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, मग शिवणारीला मास्तरीण का नाही, असं कुणीतरी गमतीनं म्हणालं आणि गल्लीनं ते नाव उचललं ते उचललंच. बाईंनाही ते आवडायचं. शाळा लवकर सुटली होती, पण "मास्तरीणबाई" अशी हाक आली की मान आपोआप ताठ व्हायची.

फौज म्हणजे आपलीच माणसं. कुणी कारकून, कुणी गाडी चालवणारा, कुणी नळ दुरुस्त करणारा. गावाबाहेरच्या मैदानात फार पूर्वी एक लढाई झाली होती, ती ही मंडळी हौसेनं पुन्हा पुन्हा लढायची. सेनापती होते दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांना "आ करा" म्हणायचे आणि रविवारी "हल्ला करा". नियम मात्र कडक. मैदानातल्या दगडावर त्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत. प्रत्येकानं त्यातला एक शिपाई आपला मानायचा. त्याचं नाव डगल्याच्या मानेशी, आतल्या बाजूला, लाल धाग्यानं शिवायचं. आणि डगला अंगावर आहे तोवर त्या नावाखेरीज कशालाही ओ द्यायची नाही.

बाईंनी नवऱ्याच्या डगल्यात ते नाव असं काही शिवलं होतं की डॉक्टर म्हणाले, "मास्तरीणबाई, हा शिपाई मेलेला असला तरी लांबून ओळखेल, हा माझाच डगला म्हणून."

बाईंचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो गल्लीचा लिफ्टवाला. बुटके, गोल, हसरे गृहस्थ. आधी पोट घरात यायचं, मागून ते यायचे. पण मैदानात गोळी लागून पडायचे तेव्हा बघणारे टाळ्या वाजवायला विसरायचे. सगळं संपलं की गवत झटकत, हसत उठायचे आणि आधी बाईंकडे बघायचे, कसा पडलो म्हणून. ते बघणं बाईंनी आठवडाभर पुरवून वापरायचं.

त्या सोमवारी त्यांनी आधी नवऱ्याचाच डगला उलटा केला. उजव्या काखेत तो हमखास फाटायचा, कारण बंदूक उचलताना दंड मावायचा नाही. सुईत दोरा ओवून त्यांनी काखेत बोट घातलं, आणि बोट तिथेच राहिलं.

भोक शिवलेलं होतं.

खिडकीशी नेऊन पाहिलं. टाके इतके बारीक की डोळ्यांना दिसायच्या आधी नखाला लागले. एकसारखे, घट्ट, कुठे गाठ नाही. बाईंच्या हातून जन्मात असा टाका पडला नव्हता. आधी वाईट वाटलं ते त्याचंच. कोणी शिवलं, हा प्रश्न मागाहून आला.

२

"अहो, हे काखेतलं कोणी शिवलं?"

लिफ्टवाले चहा फुंकत होते. "तूच की. दुसरं कोण हात लावतंय?"

"मी नाही शिवलं."

"मग शिवून विसरली असशील. फाटला तरी ओरडा, शिवून आला तरी ओरडा. धन्य आहेस, बाई."

खिडकीत नणंद बसली होती. तिचा मुक्काम खिडकीतच असायचा. मान न वळवता ती म्हणाली, "वहिनी, परक्या पुरुषाच्या काखेत सुई घेऊन कोणी फुकट शिरत नाही हो."

"वन्सं, तुम्ही रस्ता सांभाळा. घर मी बघते."

पण दुपारपर्यंत गोष्ट जिन्यात पोचली होती. लिफ्टवाल्याचं कुठेतरी सूत जुळलंय म्हणे! त्या पोटावर कोण भाळली असेल, यावर खालच्या मजल्यावर बराच वेळ हशा चालला.

बाईंनीही, खोटं कशाला सांगायचं, कॉलर हुंगून पाहिली. अत्तर नाही, पावडर नाही. मेणाचा वास होता. धुराचा होता. दोरा मेण लावून ओढलेला, असा दोरा त्यांच्या डब्यात कधीच नव्हता. आणि टाक्यांचा कल उलटा होता. शिवणारी डावरी होती.

शिवणारी. त्यांनी मनातल्या मनात बाई धरूनही टाकली होती.

त्या सरळ डॉक्टरांकडे गेल्या. खुर्चीत एक जण तोंडात कापूस भरून बसला होता.

"छावणीत शिवणकाम कोण करतं, डॉक्टर?"

"मी हिरड्या शिवतो, मास्तरीणबाई. डगले तुमच्याकडे."

"कुणी बाई येते का तिथे?"

"अहो, कुठली बाई? दुपारी आम्ही डगले काढतो, मोठ्या तंबूत दोरीवर टांगतो आणि झाडाखाली जेवायला बसतो. तंबूत चिटपाखरू नसतं." मग त्यांनी खुर्चीतल्या माणसाला विचारलं, "काय हो, कोणी असतं का?" तोही फौजेतलाच निघाला. त्यानं कापसातूनच मान हलवली. नाही.

३

बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम खिशाचं अस्तर उसवून ठेवलं आणि डगला पाठवला.

सोमवारी अस्तर शिवून आलं. नुसतं शिवूनच नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या होत्या आणि कंबर चांगली वीतभर आत घेतली होती.

बाईंना हसूच फुटलं. चला, बरं झालं! मोठी आली कारागीर, माप कुठे कळतंय तिला! त्या पोटावर आता एक बटण लागायचं नाही.

"अहो, जरा घालून दाखवा बघू."

लिफ्टवाल्यांनी घातला. खालपासून गळ्यापर्यंत सगळी बटणं लागली.

"श्वास धरलाय ना तुम्ही?"

"कसला श्वास? छान बसलाय की."

बाईंनी पोटावर हात ठेवला. कापड सपाट होतं. कापडाखाली फासळ्या लागल्या, एकेक, वेगवेगळ्या. त्यांनी हात काढून घेतला. लिफ्टवाल्यांनी डगला उतरवला, खुंटीला लावला, आणि बनियनमधलं पोट होतं तसं पुन्हा समोर आलं.

चांगलं शिवलेलं कापड पोट लपवतं. हे वाक्य बाईंनीच आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. ते त्यांनी आता स्वतःलाही ऐकवलं. दिवसभर ऐकवत राहिल्या.

४

दुसऱ्या गावची फौज पाहुणी म्हणून आली त्या रविवारी बाई मैदानावर गेल्या. ऊन स्वच्छ होतं. पाहुण्यांचा सेनापती रांगेतून डगले बघत चालला होता. लिफ्टवाल्यांपाशी तो थांबला. बाही चिमटीत धरून बघितली, काख बघितली, गळपट्टी उलटून बघितली. मग त्यानं टोपी काढली.

"असं काम आता बघायला मिळत नाही. कोणी शिवलंय?"

डॉक्टरांनी मोठ्या अभिमानानं बाईंकडे हात केला. सगळी फौज त्यांच्याकडे बघायला लागली. कारकून, गाडीवाला, नळवाला, सगळे. अख्ख्या आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम त्यांच्या हाताकडे असं बघितलं नव्हतं.

"मीच," बाई म्हणाल्या. "मीच शिवलाय."

त्याच क्षणी, अगदी कानाशी, कुणीतरी दातांनी दोरा तोडला. तट्. बाईंना तो आवाज दुसऱ्या कशाचा वाटणं शक्यच नव्हतं. दिवसातून कितीदा तरी तो त्यांच्याच तोंडात व्हायचा.

वळून पाहिलं तर मागे तंबूचं कापड होतं, वाऱ्यावर आत-बाहेर होत.

त्या रविवारी लिफ्टवाले पडले आणि सगळं संपल्यावर उठले. पण हसले नाहीत. बाईंकडे बघायलाही विसरले. दगडाकडे बघत राहिले.

५

त्यानंतर डगला घरी आला तो बाह्या लांब होऊन.

इथे मात्र बाईंच्या हातातली कात्री खाली पडली. कंबर आत घेणं कुणालाही जमतं. बाही वाढवायची तर आत दुमडून ठेवलेलं कापड लागतं, आणि ते बाईंनी बोटभरच ठेवलं होतं. स्वतः कापलं होतं, त्यांना ठाऊक नसणार तर कुणाला? बाही चार बोटं वाढली होती. जोड नव्हता. शिवण नव्हती. उजेडासमोर धरली, अंगठ्यानं चाचपली, उलटी करून पाहिली. नख वाढतं तशी ती बाही वाढली होती.

आणि आता डगला काढल्यावरही पोट परत येत नव्हतं.

नणंदेला आनंद झाला. "दादा काय उतरलाय! आता वहिनी, त्याला पोटभर घालत जा, नाहीतर लोक मला नावं ठेवतील."

बाई बघत होत्या. नवरा कप डाव्या हातात धरतो हे बघत होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना मान वाकवतो हेही. ती चौकट त्याच्या डोक्यापासून कितीतरी वर होती. या घरात आल्यापासून त्याला कधी वाकावं लागलं नव्हतं. सवय लागते माणसाला कसलीतरी, त्या स्वतःला म्हणाल्या. लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वाकून लागली असेल.

मग एका दुपारी नणंद खिडकी सोडून उठून आली. ती उठून आली म्हणजेच काहीतरी झालं होतं.

"वहिनी, दादाचं डोकं आत्ता चौकटीला आपटलं."

दोघींनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं.

"या वयात माणूस उंच होतो का हो?"

"व्यायाम करत असतील," बाई म्हणाल्या. त्यांनाच ते खरं वाटलं नाही.

"असेल." नणंदेनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "पण मला तो 'चिंगे' म्हणाला नाही. लहानपणापासून दुसरं काही म्हटलेलं नाही त्यानं मला. आज नुसता बघत राहिला. ही कोण, असं बघितलं हो."

तिचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. बाईंनी तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

६

मानेशी शिवलेलं ते नाव आधी काढून टाकायचं, असं बाईंनी ठरवलं. आपणच घातलं, आपणच उसवू. मशीनपाशी बसून त्यांनी ब्लेडच्या टोकानं लाल धाग्याचा पहिला टाका उचलला आणि कापला.

आतल्या खोलीतून आवाज आला. "स्स."

"काय झालं?"

लिफ्टवाले दारात आले, मान वाकवून. हात मानेवर होता. "काहीतरी टोचलं."

हात काढला तर मानेवर रक्ताचा एक थेंब होता.

बाईंनी त्यांच्याकडे बघत बघतच दुसऱ्या टाक्याखाली ब्लेड सरकवलं. कापलं नाही, नुसतं ताणलं. त्यांचा चेहरा वेदनेनं आक्रसला. बाईंनी ब्लेड लांब ठेवून दिलं. डगला जाळावा, कापून पायपुसणी करावीत, असं त्यांच्या मनात कितीदा तरी आलं होतं. आता कात्री लावायची तर ती कुणाला लागेल हे कळलं.

"अहो, या रविवारी नका जाऊ."

या रविवारी वर्षाचा मोठा खेळ होता. गाव लोटणार होतं.

त्यांनी मानेवरचा थेंब बोटानं पुसला. मग, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा: "मला पडायचंय. पहिल्या रांगेत."

डगल्याचं काम झालं होतं. बाह्या झाल्या, कंबर झाली, खांदे झाले. आता नुसतं पडायचं राहिलं होतं. हा माणूस रविवारी पडला, की गवत झटकत हसत उठणारा त्यांचा नवरा पुन्हा उठणार नव्हता. उठेल तो दुसराच असेल, कायमचा. का, कसं, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण कापड बघितल्यावर जसं कळतं, की हे आटणार, तसं ते कळलं.

त्या रडल्या, हेही खरं. पण थोडंच. डोळे पुसताना त्यांना राग आला. माझ्या घरातून, माझ्या सुईखालून, माझा माणूस कोणी त्या शिपायाच्या मापाला बेतून नेतंय, आणि मी मास्तरीण म्हणवून घेत बघत बसू?

७

रविवारी दुपारी फौज झाडाखाली जेवायला बसली तेव्हा बाई मोठ्या तंबूत शिरल्या. हातात शिवणाची पिशवी, गळ्यात टेप.

आत पिवळट उजेड होता. कापड तापल्याचा वास. दोरीवर डगले ओळीनं टांगलेले, माणसं पाठमोरी उभी असावीत तसे. बाहेर डबे वाजत होते, कुणीतरी हसत होतं. आत शांत होतं.

मग ते ऐकू आलं. जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज. सर्र. जरा थांबून पुन्हा सर्र.

नवऱ्याच्या डगल्याची बाही हलत होती. बाकीचे डगले स्थिर होते.

बाईंनी डगला दोरीवरून काढला, खाली मांडी घातली आणि तो मांडीवर पसरला. अस्तराखालून सुईचं टोक वर आलं. चमकलं. परत खाली गेलं. बाईंनी अस्तराखाली हात घालून पाहिला. आपलीच मांडी लागली, दुसरं काही नाही.

"बाई," त्या म्हणाल्या. आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा ठेवला. "हात सोन्याचा आहे तुमचा. मला असा टाका जमलेला नाही, आणि त्या दिवशी मी मीच शिवला म्हणाले, ते चुकलंच. पण माणूस माझा आहे. तुमच्या माणसाला मी वेगळा डगला शिवून देते. नवाकोरा. जीव ओतून देते. उभं करा त्यांना, माप घेऊ दे."

सुई थांबली.

बाई उठल्या. गळ्यातला टेप काढून त्याचं एक टोक समोर, रिकाम्या हवेत धरलं.

ते टोक पलीकडून कुणीतरी धरलं.

टेप ताठ झाला. बाईंचे हात सवयीनंच चालायला लागले. खांदा. छाती. हवेत काही दिसत नव्हतं, पण टेप कशावर तरी टेकत होता, वळत होता. मग कंबर. टेप फिरत गेला, फिरत गेला, बाईंना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे गेला, आणि त्यांचा अंगठा एका जागी येऊन थांबला.

आकडा बघायची गरज नव्हती. लग्न झाल्यापासून त्यांचा अंगठा याच जागी थांबत आला होता. हे शिपायाचं माप नव्हतं. टेपच्या आत एक गोल, ऊबदार पोट होतं आणि ते श्वास घेत होतं.

"अहो?" बाई हळूच म्हणाल्या.

टेप हलला. खालून वर, थरथरत. हसू दाबताना ते पोट असंच हलायचं.

आणि त्याच वेळी तंबूच्या बाहेरून, झाडाच्या सावलीतून, दुसऱ्या कुणीतरी ओ दिली. "काय आहे?"

८

तो वाकून आत आला, हल्ली घरातल्या चौकटीतून यायचा तसाच. पाठीमागे ऊन होतं, चेहरा दिसत नव्हता. त्यानं डावा हात पुढे केला.

"डगला."

बाई पुन्हा खाली बसल्या होत्या. डगला मांडीवर होता. तंबूच्या उजेड पडलेल्या भिंतीवर त्यांची सावली पडली होती, मान खाली घातलेली. तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, आणखी एक सावली बसली होती. तीही मान खाली घातलेली. एकच डगला दोघींच्या मांडीवर.

बाईंनी पुन्हा त्या भिंतीकडे पाहिलं नाही.

बाहेर बिगुल वाजला. डॉक्टर त्या शिपायाच्या नावानं हाका मारत तंबूशी आले. "पहिली रांग उभी आहे, मास्तरीणबाई! माणूस द्या आमचा!"

"राहू दे उभी," बाई म्हणाल्या. "माझ्या माणसाचं फिटिंग बाकी आहे."

"आत्ता? अहो, गाव जमलंय!"

"जमू दे. माप चुकलेला डगला माझ्या हातून जात नसतो, डॉक्टर. तुम्ही लढा."

दारातला माणूस एक पाऊल पुढे आला. बाईंनी पिशवीतून आपला दोरा काढला, साधा, बिनमेणाचा, आणि पहिल्याच झटक्यात सुईत ओवला. काहीच उसवलं नाही, काही कापलं नाही. वाढलेली बाही नुसती आत दुमडली आणि पहिला टाका घातला. मोठा होता, जरा वेडावाकडा होता. त्यांचा होता. पुढे आलेला डावा हात किंचित मागे गेला.

अस्तराखालून दुसरी सुई निघाली आणि तो टाका सोडवायला लागली. बाईंनी दुसरा घातला. पलीकडून तोही सुटला आणि त्याच्या जागी मेणाच्या दोऱ्याचा बारीक टाका पडला. त्यांनी तिसरा घातला, आणि लगेच आणखी एक. मैदानातून पहिल्या बंदुकीचा बार ऐकू आला. लोक ओरडले. दारातला माणूस न पडता उभा होता, तंबूचा खांब धरून, आणि त्याचे गुडघे वाकत होते. बाईंच्या कपाळावरचा घाम डगल्यावर पडत होता, तरी हात थांबत नव्हता. टाका, आणखी टाका. इतक्या वेगानं त्यांनी आयुष्यात शिवलं नव्हतं, आणि इतकं वाईटही नाही, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

मग बाही दुमडता दुमडता त्यांच्या नखाला काहीतरी लागलं. त्यांनी हात न थांबवता खाली पाहिलं.

पलीकडून आलेला टाका पहिल्यांदाच वाकडा पडला होता.